राजोडीच्या गच्चीवरचा हिवाळा

डिसेंबर लागला की आमच्या शेजारच्या काकू सकाळी सातला बाल्कनीत येतात आणि मला हाक मारतात, "अगं, बघ तरी, काय सुंदर धुकं पडलंय! अगदी महाबळेश्वर!" मी चहाचा कप घेऊन बाहेर येते. आमच्या वसईतल्या एव्हरशाईन वसाहतीच्या इमारती कमरेपर्यंत बुडालेल्या असतात. समोरच्या टॉवरचे वरचे मजले कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून टाकल्यासारखे. सूर्य नारिंगी, मऊ, नुसत्या डोळ्यांनी बघता येईल असा. "हो, छान दिसतंय," मी म्हणते, आणि ते खोटं नसतं. त्यात धुकं किती आणि दुसरं काय किती, याचा मला साधारण अंदाज असतो. पण सकाळी सातला, दुसऱ्याच्या आनंदाच्या वेळी, तो सांगायचा नसतो एवढं शहाणपण आता आलंय.

नाक मात्र गप्प बसत नाही. दव पडलेल्या मातीचा वास आधी येतो. मग खाली वॉचमननं शेकायला पेटवलेल्या पाल्याचा. मग डिझेलचा. आणि या सगळ्यांखाली एक किंचित तुरट, घशाच्या मागच्या बाजूला जाणवणारं काहीतरी, ज्याला वास म्हणावं की चव, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ते जाणवलं की मी थेट राजोडीच्या गच्चीवर जाऊन पोचते. बावीस वर्षांची होते. गळ्याला ओढणी गुंडाळलेली, हातात चिमटा.

केमिस्ट्रीची पदवी घेऊन मी घरी बसले होते. तेव्हा आम्ही आचोळ्याला राहायचो. वसई पूर्वेच्या एका खासगी प्रयोगशाळेला एका हिवाळ्यापुरती माणसं हवी होती, तिथे मला घेतलं. शहरातल्या हवेत किती बारीक कण आहेत हे मोजायचं काम. कामाचं नाव मोठं होतं आणि प्रत्यक्ष काम फार साधं. गच्चीवर एक मशीन ठेवलेलं असायचं, पत्र्याच्या कपाटाएवढं, वर माणसाहून उंच नळी आणि नळीच्या टोकाला टोपी. आत पंप. मिनिटाला साधारण बादलीभर हवा तो ओढून घ्यायचा आणि ती एका पांढऱ्या चकतीतून गाळायचा. चकती दोन रुपयांच्या जुन्या नाण्याहून थोडी मोठी. तिला आम्ही फिल्टर म्हणायचो. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असे जे कण नाकाच्या केसांना चुकवतात, घशाला चुकवतात आणि छातीत खोल जाऊन बसतात, ते त्या चकतीवर अडकायचे. चोवीस तासांनी चकती चिमट्यानं उचलायची, डबीत ठेवायची, प्रयोगशाळेत न्यायची. तिथे मुंगीच्या पायाचं वजनही सांगेल असा एक तराजू होता. आधीचं वजन, नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे शहरानं त्या दिवशी घेतलेला श्वास.

माझ्याकडे दोन ठिकाणं होती. एक आमच्या आचोळ्यातल्याच एका शाळेची गच्ची, दुसरं पश्चिमेचं समुद्रकाठचं गाव, राजोडी. हायवेलगतच्या कारखान्यांमधलं मशीन दुसऱ्या एकाकडे होतं. आमचे प्रमुख दळवीसर. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याकडे न बघता कागदाकडे बघणारे. ते म्हणाले होते, "राजोडी आपली फूटपट्टी आहे. समुद्राचं वारं, वाड्या, सुरूची झाडं. तिथली हवा सगळ्यात स्वच्छ निघणार. बाकी सगळं आपण तिच्याशी ताडून बघायचं."

आठवड्यातून दोनदा मशीन लावायचं. सोमवारी दहाला चकती बसवली की मंगळवारी दहाला काढायची, गुरुवारी बसवली की शुक्रवारी. मी आईची जुनी स्कूटर घेऊन निघायची. रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं की गर्दी हळूहळू विरळ व्हायची. निर्मळचं तळं आलं की अंगावरचा वारा बदलायचा. मग केळीच्या बागा, चाफ्याची झाडं, कुंपणावर चढलेली वालाची वेल, अंगणात झाडूनं काढलेल्या कमानी. नाताळ जवळ आला की घराघरावर कागदी तारे टांगलेले असायचे आणि पोरं गोठ्याच्या देखाव्यासाठी पेंढा गोळा करत फिरायची. मला दर वेळी वाटायचं, मला या रस्त्यानं जायला मिळतंय, आणि याला नोकरी म्हणतात!

जिच्या गच्चीवर मशीन होतं ती फिलूमावशी. पूर्ण नाव फिलोमिना, पण तसं तिला फक्त चर्चमधल्या वहीत म्हणत असावेत. साठीची, बुटकी, हातात काचेच्या बांगड्या, आवाज वाऱ्यावर ओरडून ओरडून कमावलेला. तिचे यजमान इनासकाका आयुष्यभर होडीवर गेलेले. आता होडी नव्हती. मुलगी आखातात नर्स होती. घरात दोघंच.

मशीन ठेवायला आम्ही गेलो तेव्हा मावशीनं एकच अट घातली होती. "माजे बोंबील हलवायचे नाय." गच्चीच्या अर्ध्या भागात बांबूंवर दोऱ्या ताणून तिनं बोंबील वाळत घातले होते, जोडीजोडीनं, तोंडात तोंड अडकवून. मग मशीनकडे संशयानं बघत विचारलं, "हे बोंबील वडून घेनार नाय ना?"

"नाही मावशी. यात फार बारीक कण जातात."

"बारीक म्हंजे?"

"दिसत नाहीत इतके."

"जे दिसत नाय ते मोजायला तू आचोळ्याहून येनार?" ती म्हणाली आणि पदर तोंडावर धरून हसली. इनासकाकाही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. तो बराच वेळ थांबला नाही. मावशीनं पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "थंडी लागली की असंच."

पहिल्या दोन आठवड्यांत सगळं सरांच्या म्हणण्याप्रमाणे झालं. हायवेची चकती काळपट, आचोळ्याची करडी, राजोडीची जेमतेम मळकी. मला उगाचच अभिमान वाटायचा, जणू राजोडी मीच घासूनपुसून ठेवली होती.

तिसऱ्या आठवड्यात मावशीनं मला खाली अडवलं. "काय खाऊन आलीस?" मी खरं सांगितलं, चहा पिऊन. तिनं कपाळाला हात लावला. पुढच्या मंगळवारी काम आटोपून खाली उतरले तर ओटीवर ताट मांडलेलं. तांदळाची भाकरी, वरून पापुद्रा सुटलेली, आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, त्यावर कांदा आणि लिंबू. ती भाकरी मी अजून विसरलेले नाही. तिच्या पोटात वाफ होती आणि वाफेत धुराचा हलका वास. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी ताट तयार असायचं. मी जेवायची, मावशी समोर बसून मुलीच्या गोष्टी सांगायची, इनासकाका ऊन खात पायरीवर बसायचे. डिसेंबरातलं ऊन, खारी हवा, वाळत्या मासळीचा वास आणि भाकरी. माझ्या तरुणपणातलं सगळ्यात समाधानाचं काही असेल तर त्या ओटीवरचा तो अर्धा तास.

आणि राजोडीच्या चकत्या काळ्या पडायला लागल्या.

आधी आचोळ्याच्या बरोबरीनं. मग आचोळ्याच्या पुढे. नाताळच्या आधीच्या आठवड्यात राजोडीची चकती हायवेच्याही पुढे गेली. दळवीसरांनी मला बोलावलं. टेबलावर तिन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. ते डब्यांकडे बघत म्हणाले, "हे शक्य आहे का?"

"नाही सर."

"मग एकच चकती दोन दोन दिवस मशीनमध्ये राहते आणि रजिस्टर घरी बसून भरलं जातं, असं होतंय का?"

त्यांनी "तू करतेस का" असं विचारलं नव्हतं. पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. थंडीत, उन्हात, पंक्चर झालेल्या स्कूटरवर, एकही दिवस न चुकवता मी गेले होते. "नाही सर, मी दर वेळी वेळेवर जाते," एवढंच बोलता आलं. ते म्हणाले, "मग कारण शोधून आण. नाहीतर राजोडीचं सगळं टाकून द्यावं लागेल, आणि मशीन दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल."

त्या रात्री आई म्हणाली, "सोड ना, एवढ्या तेवढ्या कामासाठी कशाला रडतेस?" मी कामासाठी रडत नव्हते. माझ्या शब्दाचं वजन करणारा तराजू कुठे नव्हता, म्हणून रडत होते.

पुढच्या मंगळवारी मी कुणाला न सांगता साडेआठलाच राजोडीला पोचले. आचोळ्याची चकती त्या दिवशी उशिरा काढली आणि तशी नोंदही केली. रस्त्यात गारठा होता. पानही हलत नव्हतं. समुद्राचा आवाज येत होता, पण समुद्राकडून वारा नव्हता. मावशीच्या कुंपणाशी स्कूटर उभी केली आणि वर बघितलं.

घराच्या मागच्या भिंतीला चिकटून धुराचा एक जाड दोर वर चालला होता. सरळ, न हलता, एखाद्यानं वरून ओढून धरल्यासारखा. गच्चीच्या कठड्यापर्यंत तो पोचला, तिथे जरासा वाकला, आणि माझ्या मशीनच्या टोपीभोवती गोल फिरून पसरला.

मी मागे गेले. चूल पेटलेली. ऑक्टोबरात जागा बघायला आलो तेव्हा हीच चूल फुटक्या पत्र्याखाली झाकलेली होती आणि आम्ही कागदावर लिहिलं होतं, स्वयंपाक गॅसवर. आता तिच्यात नारळाची ओलसर सोडणं होती, झावळ्या होत्या आणि निळ्या रंगाचे पोपडे निघालेली एक फळी. मावशी फुंकणीनं फुंकत होती. शेजारी इनासकाका माकडटोपी घालून, पाटावर बसून, हात शेकत होते आणि खोकत होते.

"अगं बाय! एवढ्या लवकर?" मावशी दचकली. "भाकरी व्हायची हाय अजून."

"मावशी, ही चूल रोज पेटवता?"

"रोज कशाला? गॅस हाय ना. तू जेवते तवाच. मंगलवारी नि शुक्रवारी." ती अभिमानानं म्हणाली. "गॅसवरची भाकरी ती काय भाकरी हाय?"

मी तिथेच पायरीवर बसले. हसावं की रडावं कळेना. सहा आठवडे मी ती भाकरी खात होते. धुराचा वास येत होता, चव लागत होती, फक्त अक्कल येत नव्हती. ज्याचं कारण शोधायला मी निघाले होते, ते दर खेपेला ताटात वाढलं जात होतं.

खरं सांगायचं तर एक सोपी वाट डोळ्यांसमोर होती. मावशीला काहीतरी निमित्त सांगायचं, पोट बिघडलंय, डॉक्टरनं भाकरी बंद केलीय. चूल विझेल, चकत्या पांढऱ्या होतील, मावशीला वाईट वाटणार नाही. सरांना म्हणायचं, कारण कळलं नाही, पण आता ठीक आहे. सगळं सुरळीत. फक्त मागच्या चकत्यांचा डाग माझ्या नावावर राहील. तो मी सहन केला असता की नाही, आज सांगता येत नाही. पण तेवढ्यात इनासकाका पुन्हा खोकले, आणि खोकताना त्यांनी तोंड धुराच्या बाजूला वळवलं, कारण ऊब तिकडून येत होती.

"मावशी, जरा वर येता?" मी म्हटलं. "काका, तुम्हीपण."

तिघं वर गेलो. मी दहाची वाट न बघता मशीन उघडलं, चिमट्यानं चकती काढली आणि डबीत ठेवली. शेजारी दुसऱ्या डबीत एक कोरी चकती ठेवली. एक भाकरीच्या पिठासारखी, एक तव्याच्या बुडासारखी.

मावशीनं दोन्ही बघितल्या. खालचा धूर बघितला. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हे मी केलं?"

"सगळं नाही मावशी."

"अर्धं?"

"माहीत नाही. पण बरंच."

"मंग तुज्या सायबाला सांग की. फिलूनं केलं म्हन. त्यात काय हाय?" ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा मोठा होता, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

इनासकाका मात्र काळ्या चकतीवरून नजर काढत नव्हते. ते मुळात कमी बोलणारे. वाकून, डोळे बारीक करून त्यांनी ती बघितली, मग सरळ उभे राहिले आणि छातीवर पालथा हात ठेवून मला विचारलं, "हे हितं पन असंच हाय काय?"

मला उत्तर येत होतं. परीक्षेत ते मी दहा गुणांसाठी लिहिलं असतं. तिथे मात्र मी डबीचं झाकण लावत राहिले. मावशीनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, भराभरा जिना उतरली, आणि खालून पाणी ओतल्याचा चर्रर्र आवाज आला.

त्या दिवशी मी रजिस्टरात लिहिलं: दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ घरामागे चूल. इंधन नारळाची सोडणं, झावळ्या, रंग दिलेल्या जुन्या होडीच्या फळ्या. पुढे 'कारण' असा एक रकाना होता. त्यात लिहिलं: मशीनची चकती बदलायला येणाऱ्या मुलीसाठी भाकरी.

दळवीसरांनी ते वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग, मी पाहिल्यापासून पहिल्यांदाच, कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मी जे विचारलं होतं ते विचारायला नको होतं," ते म्हणाले. लगेच पुन्हा कागदात बघायला लागले. "चकत्या टाकू नकोस. त्या खोट्या नाहीत. फक्त त्या राजोडीच्या नाहीत, एका चुलीच्या आहेत. वेगळ्या पाकिटात ठेव." ते स्वतः राजोडीला आले, चूल आणि मशीन यांतलं अंतर पावलांनी मोजलं, आणि मावशीला हात जोडून म्हणाले, "बाई, आमची पोरगी उपाशी राहील, पण मशीन आहे तोवर ही चूल बंद ठेवा."

"उपाशी कशी राहील?" मावशी म्हणाली. "गॅस हाय ना." आणि त्यांना गॅसवरचा चहा दिला. गॅसवरची भाकरीही मी पुढे खाल्ली. मावशी दर वेळी तोंड वाकडं करून वाढायची आणि मी दर वेळी दोन खायची.

पण खरी गोष्ट त्याच आठवड्यात, शुक्रवारी घडली. चूल बंद झाल्यानंतरची पहिली चकती काढायची होती. मावशी माझ्या आधीच गच्चीवर जाऊन उभी राहिलेली, जणू तिचाच निकाल लागणार होता. मी मशीन उघडलं. चकती पूर्वीपेक्षा खूपच उजळ होती. पण पांढरी नव्हती. पावसाळी आभाळाचा एक कपटा कापून ठेवावा तशी करडी.

मावशीनं ती बघितली आणि माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "मंग हे कोनाचं?"

हा प्रश्न मला पुढे अनेक मोठ्या माणसांनी अनेक मोठ्या शब्दांत विचारला. इतका नेमका कुणी विचारला नाही.

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, मावशी, थंडीत रात्री जमिनीजवळची हवा गार होते आणि वरची थोडी उबदार राहते. गार हवा जड, ती वर जात नाही. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. मग जे काही आपण हवेत सोडतो ते खालीच कोंडतं. हायवेवरचे ट्रक, कारखान्यांची धुराडी, कुठे जाळलेला कचरा, इमारतींच्या बांधकामाची आणि रस्त्याची धूळ. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो हे सगळं हळूहळू तुमच्या गावावरून नेतो.

"नि दुपारी दर्यावरून परत आनतो," इनासकाका म्हणाले. वाऱ्याचं त्यांना शिकवावं लागणार नव्हतं.

"हो. तेच परत येतं थोडंफार."

"म्हंजे धूर नि धूळ," मावशीनं हिशेब पक्का केला.

"तेवढंच नाही." इथे मी अडखळले. कारण पुढचा भाग मला स्वतःलाही नेहमी जादूसारखा वाटायचा. "काही कण कुठूनच बाहेर पडत नाहीत. ते हवेतच तयार होतात. गाड्यांतून, धुराड्यांतून काही वायू निघतात, ते दिसत नाहीत. गटारं, गोठे, शेतातलं खत यांतून वेगळा वायू निघतो, नाकाला झोंबणारा. तोही दिसत नाही. गारठ्यात, ओलसर हवेत हे एकमेकांना भेटतात आणि त्यांचे बारीक बारीक कण बनतात. ते कुणी एकानं सोडलेले नसतात."

मला वाटलं हे काही पोचलं नसणार. मावशी वाळत्या बोंबलांच्या दोरीला हात लावून उभी होती. मग म्हणाली, "मिठागरासारखं."

"म्हणजे?"

"पान्यात मीठ दिसतं काय? नाय दिसत. आगरात पानी घेतलं, ऊन लागलं, की मीठ पिकतं. हितं ऊन नाय, थंडी. पन पिकतं."

तीन वर्षं मी ज्या अभिक्रिया पाठ केल्या, त्यांच्या शेवटी जे पदार्थ तयार होतात त्यांना केमिस्ट्रीतही क्षारच म्हणतात. मीठच ते. आकाशात, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर, कुणाच्या मालकीचं नसलेलं एक आगर पसरलेलं होतं आणि रात्रभर त्यात मीठ पिकत होतं. त्यात सगळ्यांचं पाणी होतं. माझ्या आईच्या स्कूटरचंही. हवा मोजायला मी जिच्यावरून आठवड्यातून चार वेळा पूल ओलांडत, धूर सोडत यायची, तिचंही.

आता मी शाळेत केमिस्ट्री शिकवते. अभिक्रिया फळ्यावर लिहून झाल्या की मुलांना मिठागराचं सांगते. मावशीचं नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही, पण उदाहरण तिचं आहे हे मनात म्हणून घेते. एखादा मुलगा हमखास विचारतो, "टीचर, मग ब्लेम कोणाला करायचं?" मी म्हणते, आधी आपल्या घराच्या मागे जाऊन बघ. मग हायवेकडे जाऊ. जायचंच आहे, सोडायचं नाही. पण घराच्या मागे बघून आलेल्या माणसाच्या बोलण्याला वजन येतं. आमच्या सोसायटीच्या सभेत समोरच्या बांधकामावर जाळी लावा आणि पाणी मारा असं मी पत्र दिलं, तेव्हा आधी आमच्याच आवारात पाला जाळणं थांबवण्याबद्दल बोलले. वॉचमनला शेकायला विजेची शेगडी दिली आहे. तो अजून अधूनमधून पाला पेटवतो. शेगडीत गप्पा होत नाहीत म्हणतो. मला त्याचं पटतं आणि तरी मी खाली जाऊन सांगते. हे असंच चालायचं. दर हिवाळ्यात थोडं कमी होतं, हेही खरं.

त्या वर्षी मार्च संपता संपता मशीन उतरवलं. नळी खोलली, पंप गोणपाटात गुंडाळला, टेम्पोत चढवला. मावशीनं रिकाम्या जागेकडे बघून "बोंबलांना जागा झाली" म्हटलं, आणि मला एका पिशवीत ते बांधून दिले. मग म्हणाली, "ईस्टरला ये. चर्चात, सकालच्या मिस्सेला. यांना गायचं हाय."

"काका गातात?"

"गायचे. कॉयरमध्ये मागल्या रांगेत. आवाज काय होता! दर्यावर हाक मारली तर किनाऱ्यावर ऐकू यायची. दोन वर्सं झाली, खोकल्यापायी उभं पन ऱ्हावत नाय. फादर म्हनाले, यंदा बघा जमतंय का."

मी गेले. त्याआधी चर्चमध्ये कधी गेले नव्हते, म्हणून दाराजवळ उभी राहिले. आत फुलं, नवे कपडे, मेणबत्त्या, लहान मुलांची चुळबुळ. मावशीनं मला हातानं खेचून आपल्या बाकावर बसवलं. इनासकाका मागच्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, इस्त्रीच्या घड्यांसकट ताठ उभे होते. पहिलं गीत सुरू झालं. मला त्या गर्दीत त्यांचा आवाज ओळखता येईना. मग आला, सगळ्यांच्या खालून, जाडसर, थोडा खरखरीत, पण सलग. दुसऱ्या गीताला तो जास्त मोकळा झाला. मावशी समोर बघत होती, पण तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. श्वास घ्यायच्या जागी तीही श्वास घ्यायची.

आवाज परत आला तो चूल बंद झाली म्हणून, डॉक्टरनं तोंडातून ओढायला दिलेल्या औषधाच्या पंपामुळे, की थंडी सरली म्हणून, हे मला सांगता येणार नाही. एका चकतीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मला दळवीसरांनी शिकवलं होतं.

तिसरं गीत सुरू झालं आणि मध्येच त्यांना खोकला आला. त्यांनी रुमाल तोंडावर धरला, शेजारच्यानं त्यांना हळूच खाली बसवलं. बाकीचे गात राहिले. मी मावशीचा हात धरला.

तिनं माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. कानाशी येऊन, तिच्या मानानं अगदी हळू आवाजात, म्हणजे पुढच्या दोन बाकांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "दोन गानी झाली गं! दोन पुरी झाली."